पत्र्याचा दाबसांधा : तो धरतो कसा आणि सुटतो कसा

कपडे धुण्याचें यंत्र भिंतीपासून थोडें पुढें ओढून त्याची पाठ पाहावी, अगर खिडकींत बसविलेल्या वातानुकूलन-यंत्राची पेटी पुसतांना तिच्या कडेवरून बोट फिरवावें, तर पुष्कळदां पत्र्यावर ओळीनें वाटोळे खळगे हाताला लागतात. एका बाजूनें खळगा आणि त्याच जागीं दुसऱ्या बाजूनें बटणासारखा उंचवटा. तेथें स्क्रूचें डोकें दिसत नाहीं, रिव्हेट दिसत नाहीं, वेल्डिंगचा काळा डागहि दिसत नाहीं. दोन पत्रे मात्र एकमेकांना घट्ट धरून असतात. शोभेसाठीं मारलेले हे ठसे असावेत असा घरांतील मंडळींचा समज होतो. पण वस्तुतः ती पेटी त्या खळग्यांच्याच जिवावर उभी असते. कारखान्यांतील लोक ह्या सांध्यास क्लिंचिंग म्हणतात. मराठींत त्यास दाबसांधा म्हटलें तर अर्थ चटकन् ध्यानांत येतो.

पत्र्याला पत्रा जोडण्याची विद्या जुनी आहे. जुन्या तांब्याच्या हंड्याचें अंग बारकाईनें न्याहाळलें तर पुष्कळदां करवतीच्या दांत्यांसारखी एक रेघ आढळते. तेथें दोन कडांना दांते कापून ते एकमेकांत गुंतविलेले आणि वरून डाख दिलेला असतो. पत्र्याच्या डब्याची उभी शिवण म्हणजे दोन कडा दुमडून, एकींत एक अडकवून हातोडीनें चेपलेली घडी. प्रवासाच्या ट्रंकेचे कोपरे रिव्हेटनें धरलेले असतात. कामगारांच्या बोलींत त्यालाच रिबिट म्हणतात. घडींत पत्रा स्वतःच पत्र्याला धरतो. रिबिटांत एक तिऱ्हाईत मध्यें येतो. दाबसांधा हा घडीच्या कुळांतला. त्यांत खिळा नाहीं, डाख नाहीं, भोंक पाडणें नाहीं, आणि सामान्यतः उष्णताहि नाहीं. ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच जर्मनींत मांडली गेली होती. परंतु मोठ्या कारखानदारींत तिला खरा मान मिळाला तो १९८० नंतरच्या काळांत. मोटारींत पोलादाच्या जोडीला ॲल्युमिनियम येऊं लागलें, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सर्रास वापरांत आला, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनें हा मुलामा जळतो व हे दोन धातु एकमेकांशीं नीट जुळत नाहींत, ही अडचण रोजचीच झाली. दाबसांध्यानें ती बरीच हलकी केली.

सांधा होतो कसा, तें आधीं पाहिलें पाहिजे. कारण तो सुटतो कसा ह्याचें उत्तर त्यांतच आहे. दोन पत्रे एकावर एक ठेवतात. खालीं वाटोळी पोकळी असलेली डाय, वर बोथट पंच. पंच खालीं उतरूं लागला कीं दोन्ही पत्रे त्याच्यापुढें वाकत जातात आणि वाटींत वाटी बसावी तसा एकाचा खळगा दुसऱ्याच्या खळग्यांत बसतो. एवढ्यावर काम थांबलें तर सांधा मुळींच होत नाहीं. वरची वाटी उचलली कीं ती सहज निघून येईल. परंतु खालच्या वाटीचें बूड डायच्या तळाला टेकल्यावरहि पंच थांबत नाहीं. मध्यें सांपडलेल्या धातूला वर जातां येत नाहीं, खालीं जातां येत नाहीं. दाबल्यानें त्याचें आकारमानहि कमी होत नाहीं. मग तो बाजूंना पसरतो. डायच्या तळाशीं एक कंगोरा कोरलेला असतो, त्यांत खालचा पत्रा शिरतो. आणि त्याच्या मागोमाग वरच्या पत्र्याचें पोट फुगतें.

पाणी पिण्याचा तांब्या डोळ्यांसमोर आणावा. गळा अरुंद आणि पोट रुंद. वरच्या पत्र्याची वाटी आतां ह्या तांब्यासारखी झालेली असते, आणि खालचा पत्रा म्हणजे त्या तांब्यावर अंगाबरोबर चढविलेलें वेष्टन. तांब्या वर ओढून काढावयाचा तर त्याचें पोट वेष्टनाच्या गळ्यांतून बाहेर आलें पाहिजे, आणि तें सहजासहजीं येत नाहीं. सांधा धरतो तो एवढ्याचसाठीं.

ह्या तांब्याचीं दोन मापें महत्त्वाचीं. एक, वरच्या पत्र्याच्या गळ्याची, म्हणजे मानेची, जाडी. पंचाच्या कडेशीं पत्रा ओढला गेल्यामुळें तो येथें सर्वांत पातळ झालेला असतो. दुसरें, पोट गळ्याच्या बाहेर किती आलें आहे तें; ह्याला अडकण म्हणतां येईल. उत्तम सांध्यांतहि हीं दोन्ही मापें मिलिमीटरच्या कांहीं दशांशांतच असतात. सगळा संसार एवढ्याशा जागेंत.

भार वाढत गेला कीं सांधा दोनांपैकीं एका रीतीनें जातो, कधीं दोहोंच्या मिश्रणानें. पहिल्या रीतींत मान तुटते : वरच्या पत्र्याला नीट वाटोळें भोंक पडतें आणि त्याचें बूड खालच्या पत्र्यांत अडकून राहतें. दुसऱ्या रीतींत कांहींच तुटत नाहीं : पोट गळ्यांतून निसटून येतें आणि दोन अखंड वाट्या एकमेकींपासून विलग होतात. सदऱ्याचें बटण जातें तेंहि असेंच. एकदां दोरा तुटून बटण हातांत येतें. एकदां दोरा शाबूत, बटण शाबूत, पण काज सैल पडलेलें, त्यामुळें बटण आपोआप निघतें. शिंप्याला दोहोंवरचे उपाय वेगवेगळे ठाऊक असतात. दाबसांध्याच्या कारागिराची पंचाईत अशी कीं त्याचे दोन उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात.

कारण धातु आहे तेवढाच आहे. अडकण वाढवावी म्हणून डाय खोल केली तर पत्रा अधिक ताणला जातो आणि मान पातळ होते. मान जाड राखावी म्हणून डाय उथळ ठेवली तर पोट पुरेसें फुगत नाहीं आणि सांधा सहज निसटतो. पांघरूण तोकडें असलें म्हणजे डोकें झांकतांना पाय उघडे पडतात, तशांतला हा प्रकार. पंचाची जाडी, त्याच्या कडेची गोलाई, डायची खोली, कंगोऱ्याचा आकार, ह्यांची जुळणी करतांना अभियंत्यांचे दिवसचे दिवस जातात. आणि एका जाडीच्या पत्र्याकरितां बसलेली जुळणी दुसऱ्या जाडीच्या पत्र्याला चालेलच असें नाहीं.

साधा हिशेब केला तर ह्या दशांशांची किंमत कळते. समजा, मानेचा आंतील व्यास ५ मिलिमीटर आहे आणि तिची जाडी ०.३ मिलिमीटर. मग भार वाहणाऱ्या कड्याचें क्षेत्रफळ सुमारें ५ चौरस मिलिमीटर भरतें. मऊ पोलाद दर चौरस मिलिमीटरला ३०० न्यूटन ताण सोसतें असें धरलें, तर सरळ वर ओढतांना ही मान सुमारें १५०० न्यूटनपर्यंत, म्हणजे दीडशे किलो वजनापर्यंत, तग धरील. आतां जाडी ०.२ मिलिमीटर झाली असें समजा. फरक एक दशांश मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांनीं कधींहि न दिसणारा. पण क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मिलिमीटरांवर येतें आणि तिसरा हिस्सा बळ नाहींसें होतें. ह्याच व्यासाच्या भरीव रिव्हेटचें क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चौपट, असतें. दाबसांधा स्वस्त आहे, स्वच्छ आहे, क्षणांत होतो; पण तो रिव्हेटची बरोबरी करतो असें कोणी सांगूं लागला तर हा हिशेब त्याच्यापुढें ठेवावा. प्रत्यक्षांत दाबामुळें धातु थोडा कठीण होतो, म्हणून आंकडे कांहींसे वाढतात. प्रमाण मात्र फारसें बदलत नाहीं.

धातु कठीण होतो ह्या गोष्टीला दुसरीहि बाजू आहे. तार वरचेवर वाकविली कीं ती ताठर होते आणि मग एकाएकीं तुटते, हें लहान मुलांनाहि ठाऊक असतें. दाबसांध्याच्या मानेनेंहि आपला बराचसा लवचिकपणा सांधा होतांनाच खर्च केलेला असतो. म्हणून ताणल्यावर मुकाट्यानें लांबणारे धातु, जसें मऊ पोलाद किंवा मऊ ॲल्युमिनियम, ह्या कामास योग्य. मॅग्नेशियम थंड स्थितींत दाबलें तर त्याला भेगा पडतात, म्हणून तें आधीं तापवून घ्यावें लागतें. अतिशय बळकट पोलादांचीहि अशीच तक्रार असते. पत्र्यांची जाडी वेगळी असेल तर जाड पत्रा पंचाच्या बाजूला ठेवावा, असा कारखान्यांतला ढोबळ नियम आहे. मान वरच्या पत्र्याचीच बनते, तेव्हां त्याच्याजवळ शिल्लक अधिक हवी, हें त्याचें कारण.

आतां भाराच्या दिशेकडे वळूं. 'हा सांधा किती किलो सोसतो' असा प्रश्न विचारण्याची संवय सर्वत्र आहे, आणि ती फसवी आहे. भार कोणत्या बाजूनें येतो हें सांगितल्यावांचून त्या प्रश्नाला उत्तरच नाहीं. दोन पत्रे एकमेकांवरून सरकूं पाहत असतील तर दाबसांधा आपलें सर्वांत चांगलें बळ दाखवितो, कारण त्या वेळीं वाटीची भिंत वाटीच्या भिंतीवर रेटते. पत्रे सरळ एकमेकांपासून दूर ओढले तर सारा भार त्या बारीक अडकणीवर येतो. आणि पत्र्याची कड धरून पाकिटाचा चिकटविलेला कागद उघडावा तसा तो सोलला, तर सांधा सर्वांत दुबळा ठरतो : बटणाची एकच कड प्रथम सर्व भार घेते, ती निसटली कीं पुढची, आणि पाहतां पाहतां सर्व सुटतें.

गंमत अशी कीं सरळ सरकविण्याच्या भारांतहि सोलण्याचा अंश शिरतोच. एकावर एक चढविलेले पत्रे एका रेषेंत नसतात. एक वर, एक खालीं. दोन्ही टोकांस ओढ लागली कीं ते एका रेषेंत येण्याची धडपड करतात, त्या धडपडींत वांकतात, आणि मधलें बटण तिरपें होतें. तिरपें झालें कीं त्याची मागची कड उचलते. पत्रा जितका पातळ तितकी ही कलंडण अधिक. म्हणूनच प्रयोगशाळेंत जाड मानेचा सांधा नुसता सरकवून ओढला तरी पुष्कळदां मान शाबूत राहते आणि बटण कलंडून बाहेर येतें.

दोन्ही मरणांत अधिक वाईट कोणतें, असा प्रश्न येथें सुचतो. यंत्रावर ओढ आणि सरकण ह्यांचा आलेख काढला तर मान तुटणाऱ्या सांध्याची रेघ चढत जाऊन एकाएकीं कोसळते. निसटणाऱ्या सांध्याची रेघ शिखर गांठून मग हळूहळू उतरते. सांधा सैल होतो, सरकतो, कुरकुरतो, पण कांहीं काळ धरून राहतो. शिखराची उंची कधीं मान तुटणाऱ्या सांध्याचीच जास्त असते, आणि केवळ आंकड्यांकडे पाहणारा माणूस तोच पसंत करील. शहाणा कारागीर मात्र थोडें बळ सोडून मान जाड ठेवतो. पूर्वसूचना देणाऱ्या सांध्याची खडखड घरांतल्या कोणाच्या तरी कानीं पडते. मुकाट्यानें तुटणाऱ्या सांध्याची बातमी तो तुटल्यावरच लागते.

आतांपर्यंत एकाच वेळीं वाढत जाणाऱ्या भाराचा विचार झाला. प्रत्यक्षांत भार असे येत नाहींत. कपडे पिळतांना यंत्र मिनिटाला शेंकडों वेळां थरथरतें. मोटार खड्ड्यांतून जाते. पंख्याची पेटी दिवसरात्र कांपते. एकदां सोसतां येणाऱ्या भारापेक्षां पुष्कळ कमी भार लक्षावधि वेळां आला तर धातु थकतो. दाबसांध्याला येथें एक अनुकूल गोष्ट आहे. वेल्डिंगच्या ठिपक्याच्या कडेला उष्णतेनें बदललेला धातु आणि तीक्ष्ण खांच, दोन्ही असतात, आणि भेगेला तेवढें पुरतें. दाबसांध्यांत उष्णतेचा हा डाग नसतो. त्यामुळें एकदांच ओढण्याच्या कसोटींत वेल्डिंगच्या मागें पडणारा हा सांधा थकव्याच्या कसोटींत पुष्कळदां आपली अब्रू राखतो.

परंतु त्याचा स्वतःचा एक रोग आहे. दोन पत्रे घट्ट असले तरी प्रत्येक थरथरीबरोबर ते केसाच्या अंशानें एकमेकांवर घांसतात. घांसलेल्या जागीं बारीक पूड सुटते, पोलादाची तांबूस, ॲल्युमिनियमची काळी. पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे पडतात आणि एखाद्या खड्ड्यांतून भेग निघते. भार मोठा असेल तर भेग मानेंतच धांवते. भार लहान पण दीर्घकाळ असेल तर ती बटणाच्या भोंवतालीं पत्र्यांतच पसरते, आणि बटण अखेरपर्यंत धडधाकट दिसतें.

एक सांधा गेला तर काय होतें? पेटी लगेच पडत नाहीं. त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो. ओळींतले सर्व सांधे सारखा भार वाहतात असें धरणें कागदावर सोयीचें असतें, पण टोकांचे सांधे मधल्यांपेक्षां नेहमींच अधिक वाहतात. आणि सर्वच सांधे सारखेच थकलेले असतील तर शेजाऱ्याला आलेला जादा भार हा त्याच्याहि अंताला पुरतो. मग ओळ एखाद्या चेनप्रमाणें उघडत जाते.

हें केवळ कल्पनेंतलें नव्हे. सर्वांत भयंकर उदाहरण दाबसांध्याचें नाहीं, रिव्हेटच्या सांध्याचें आहे. पण पत्र्यावर पत्रा चढवून ओळीनें धरण्याची रीत तीच. हवाई बेटांमधील अलोहा एअरलाइन्सचें एक बोइंग ७३७ विमान २८ एप्रिल १९८८ रोजीं हिलोहून होनोलुलूकडे निघालें. आंत ९५ माणसें होतीं. तें २४,००० फूट उंचीवर पोंचतें न पोंचतें तोंच त्याच्या पुढच्या भागाचें सुमारें १८ फूट लांबीचें छप्पर उडून गेलें. प्रवासी पट्ट्यांनीं खुर्च्यांना बांधलेले असल्यामुळें बचावले. त्या वेळीं उभी असलेली एक विमानसेविका बाहेर फेंकली गेली आणि पुन्हां सांपडली नाहीं. वैमानिकांनीं तसल्या उघड्या विमानाला माउई बेटावरील काहुलुइ येथें सुखरूप उतरविलें, हें आजहि नवल वाटण्याजोगें आहे.

चौकशींत जें निघालें तें पत्र्याचा सांधा करणाऱ्या प्रत्येकानें वाचण्याजोगें आहे. विमानाच्या कातड्याचे पत्रे जेमतेम ०.९ मिलिमीटर जाड होते. ते एकमेकांवर चढवून मध्यें खळीचा थर दिलेला आणि शिवाय तीन ओळींत रिव्हेट मारलेले होते. मूळ योजना अशी कीं भार खळीनें वाहावा. परंतु समुद्रावरच्या दमट हवेंत खळ सुटत गेली, आणि जो भार तिनें वाहावयाचा तो रिव्हेटवर येऊन पडला. रिव्हेटचें डोकें पत्र्यांत सपाट बसावें म्हणून भोंकाला दिलेला उतार पत्र्याच्या संबंध जाडींतून आरपार गेला होता. त्यामुळें भोंकाची कड सुरीच्या पात्यासारखी धारदार झाली होती. भेगेला ह्याहून चांगली जागा ती कोणती मिळणार? बेटाबेटांमधलीं उड्डाणें लहान, सरासरी अर्ध्या तासाहूनहि कमी; म्हणून तासांच्या मानानें उड्डाणांची संख्या अफाट. ह्या विमानानें ३५,४९६ तासांत ८९,६८० उड्डाणें केलीं होतीं, आणि प्रत्येक उड्डाणांत त्याचें अंग हवेच्या दाबानें एकदां फुगलें व एकदां ओसरलें होतें. रिव्हेटच्या वरच्या ओळींत एकेका भोंकापासून बारीक भेगा निघाल्या. एकटी भेग निरुपद्रवी. पण शेजारशेजारच्या भोंकांच्या भेगा एके दिवशीं एकमेकींना मिळाल्या.

त्या दिवशीं विमानांत चढतांना एका प्रवासी स्त्रीला दाराजवळ पत्र्यावर लांब भेग दिसली होती. तिनें ती कोणाला सांगितली नाहीं. ज्यांचें तें कामच आहे त्यांनीं ती पाहिली असेल असें एखाद्याला वाटलें तर त्याला दोष तरी कसा द्यावा? चौकशी मंडळानें मुख्य ठपका ठेवला तो देखभालीच्या व्यवस्थेवर, तिला खळीची सुटका आणि धातूचा थकवा वेळींच ओळखतां आला नाहीं ह्याबद्दल. पुढें १९९१ मध्यें अमेरिकेंत जुन्या विमानांच्या तपासणीचा कायदाच करण्यांत आला.

घरांतल्या यंत्राच्या पाठीचा सांधा सुटल्यानें कोणाचा जीव बहुधा जाणार नाहीं. पण मोटारीच्या पुढच्या झांकणांतहि असे सांधे असतात, आणि तेथें अभियंते बहुधा एकट्या दाबसांध्यावर विसंबत नाहींत. पत्र्यांच्या मध्यें खळ घालून मग तो दाबतात. खळ भार पसरून घेते, सोलण्याला अडथळा करते, घांसणें थांबवते. आणि ती वाळेपर्यंत पत्रे जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम दाबसांधा करतो. अलोहाच्या अनुभवानंतर खळीच्या टिकाऊपणाची चौकशी मात्र कोणी सोडीत नाहीं.

राहतां राहिली परीक्षा. तयार झालेल्या सांध्याची मान किंवा अडकण बाहेरून दिसत नाहीं. खळग्याचें रूप चांगलें असलें म्हणून आंतलें तसेंच असेल असें नाहीं. बाहेरून मोजतां येतें तें एकच माप, तळाची जाडी. दोन्ही पत्रे मिळून तळाशीं किती उरले हें टोंकदार मापकानें पाहतात. ती ठरल्यापेक्षां जास्त भरली तर दाब अपुरा पडला, पोट फुगलें नाहीं. फार कमी भरली तर दाब अति झाला. हें माप बरोबर असूनहि पंचाची कड झिजलेली किंवा डायचा एखादा तुकडा उडालेला असूं शकतो. म्हणून ठराविक संख्येनंतर एक नमुना बाजूला काढून तो बटणाच्या मध्यावरून कापतात, काप घांसून गुळगुळीत करतात आणि भिंगाखालीं मान व अडकण मोजतात; दुसरा नमुना यंत्रावर ओढून तोडतात आणि तो कोणत्या रीतीनें सुटला हें नोंदवून ठेवतात. आंकडा कालच्या इतकाच असला, पण काल निसटणारा सांधा आज मानेशीं तुटूं लागला असला, तर चांगला परीक्षक काम थांबवितो आणि पंच काढून पाहतो.